खाडीवरचं धुकं

“मग घोडं अडलंय कुठं?” दासबुवांनी विचारलं.

खाडीवरच्या टेकडीवर बुवांचा मठ. उजाडलं होतं, पण धुकं हलायचं नाव घेत नव्हतं. माडांचे नुसते शेंडे दिसत होते, पाण्यात बुडाल्यासारखे.

विद्याधर पायरीवर बसला होता. शेजारी त्याची दुसरीतली लेक, शमिका.

“बुवा, हिचे कान उत्तम आहेत. पण ऐकलेलं आत पोचेपर्यंत अक्षरं एकमेकांत मिसळतात. म्हणून मी हिच्यासाठी कॉम्प्युटरवर एक खेळ तयार केला. शब्द सावकाश, ताणून ऐकू येतो. तो ऐकायचा आणि बरोबर चित्रावर बोट ठेवायचं.”

“जमतं तिला?”

“एकही चूक करत नाही! शाळांनी खेळ मागून नेला. डॉक्टरसुद्धा थक्क झाले.” त्याचा आवाज चढला आणि एकदम उतरला. “पण माणसांशी बोलत नाही, बुवा. हिची आई विचारते, मी विचारतो... ही नुसती बघत बसते.”

बुवा शमिकाकडे वळले.

“बाळ, खाली काय आहे गं?”

ती धुक्याकडे बघत राहिली.

“सांग ना, शमू,” विद्याधर पुढे सरसावला. “खाली ती आपली...”

बुवांनी आपला तळहात अलगद त्याच्या ओठांवर ठेवला.

तो दचकला. पण बुवांचा हात हलेना.

...

धुकं पायरीपर्यंत चढून आलं. कुठूनतरी वल्ह्याचा आवाज आला आणि विरला. आपण तिघंही पाण्याखाली बसलोय, असं विद्याधरला वाटलं. ओठांशी आलेला शब्द तिथंच थांबला. मग तोही विरघळला. किती वेळ गेला, कुणास ठाऊक.

“गाडी,” शमिका म्हणाली.

विद्याधर कळवळला. मान नकारार्थी हलली. तळहात मात्र तसाच.

...

“नाही...” ती स्वतःशीच पुटपुटली. मग वडिलांकडे वळली. “खाडी. खाली खाडी आहे, बाबा.”

बुवांनी हात काढून घेतला. तो विद्याधरच्या आसवांनी भिजला होता.

“ऐकलंस?”

“ऐकलं, बुवा. खाडी म्हणाली.”

“त्याच्या आधी?”

“गाडी.”

“त्याच्याही आधी?”

विद्याधर गोंधळला. “त्याच्या आधी... काहीच नाही. गप्प होती.”

बुवांनी डोळे मिटले.

“ते ऐक.”