जीपच्या मागे

“मग मागे गाडी ठेवायला हरकत काय, माताजी?”

प्राध्यापक भूपाल मगदुमांनी हे याच शब्दांत विचारलं होतं का, कोण जाणे. कार्तिक होता की मार्गशीर्ष, हेही त्यांना आता नीटसं आठवत नाही. धुकं होतं, एवढं खरं.

जैन साध्वी आर्यिका निर्वेदमती माताजींचा मुक्काम हायवेलगतच्या गावात, बस्तीत म्हणजे जैन मंदिरात होता. सूर्य उगवला की पुढच्या गावी निघायचं. पायीच; वाहनात बसायचं नाही हे त्यांचं व्रत. याच रस्त्यावर गेल्या फाल्गुनात त्यांच्या गुरुभगिनीला ट्रकनं उडवलं होतं.

तेव्हापासून मगदुमांना धड झोप नव्हती. जन्मभर रस्ते बांधायला शिकवलेला माणूस. त्यांनी समिती काढली, पायवाटेसाठी सरकारदरबारी खेटे घातले. पायवाट होईपर्यंत साधूंच्या मागे, कड धरून, लाल झेंड्याची जीप हळूहळू चालवायची, ही युक्तीही त्यांचीच.

“गेल्या खेपेला होती की जीप,” माताजी म्हणाल्या.

“म्हणून तर सुखरूप पोचलात!”

“जीपच्या मागे कोण होतं?”

“कोणी नाही.”

माताजी बघत राहिल्या...

“म्हणजे... आपलं कोणी नव्हतं.”

माताजींनी मोरपिसांच्या पिंछीनं पुढची फरशी हलकेच झाडली.

“शेतात भांगलायला जाणाऱ्या बायका असतील,” मगदूम चाचरले. “त्या रोजच्याच. त्यांना सवय आहे.”

“सर, या रस्त्याला कड केवढी?”

“हातभर. फार तर दीड हात.”

“आणि जीप?”

जीप सगळी कड अडवून चालायची. कामाची वेळ गाठायला मागच्या बायका मग तिला ओलांडत... डांबरावर उतरायच्या. ट्रकांच्या पुढ्यात.

“पण तुम्हाला काही झालं, तर समाजाला तोंड कसं दाखवू?”

“तोंड दाखवायला निघालोय होय आपण?”

उजाडलं. जीप उभी होती, झेंडा लावलेला. माताजी आणि सोबतची एक आर्यिका कमंडलू घेऊन बाहेर आल्या. जीपच्या पुढे गेल्या नाहीत. वळसा घालून मागे गेल्या.

तिथे खुरपी घेतलेल्या चार बायका होत्या. त्या बावरून बाजूला झाल्या.

“अगं बाई, माताजी! तुमी फुडं चला की!”

माताजी त्यांच्याच रांगेत शिरल्या. जीप हळूहळू हलली, तशी तिला ओलांडायला ती सगळी रांग डांबरावर उतरली. उसाचा ट्रक भोंगा वाजवत इतक्या जवळून गेला, की माताजींचा पदर फडफडला.

मगदुमांनी जीपमधून उडी टाकली.

“इथं नको, माताजी! इथं जीव जाईल!”

चालताना माताजी मौन पाळत. त्यामुळे पुढचं उत्तर त्यांनी दिलं, की ते आपल्याच मनात उमटलं, याचा मगदुमांना कितीतरी वर्षं उलगडा झाला नाही. माताजींच्या समाधीनंतर सोबतच्या आर्यिकेला त्यांनी भीतभीत विचारलं. ती म्हणाली, हो, त्या सकाळी मौन मोडलं होतं. एकाच शब्दापुरतं.

“कुणाचा?”