शिसं खाली असेपर्यंत

“पण मास्तर, कोणीतरी एक सगळ्यांत मोठा असणारच ना?”

रेमी फुर्ट्याडोनं हे तिसऱ्यांदा विचारलं. लारू मास्तर फडक्यानं ऑर्गनच्या पट्ट्या पुसत होते. ते पुसतच राहिले.

वसईकडच्या एका जुन्या चर्चच्या माळ्यावर, दुपारी तीनच्या सुमाराला हे चाललं होतं. मास्तर बेचाळीस वर्षं तिथला ऑर्गन वाजवत आले होते. ऑर्गनच्या झाकणाची किल्ली दोरीत ओवून त्यांच्या गळ्यात असायची. आता त्यांची बोटं थरथरू लागली होती. रविवारच्या सणापासून बाकावर कोण बसणार, हे ते आज सांगणार होते.

आपल्याखेरीज दुसरं कोण बसणार, असं रेमीला वाटत होतं. मास्तरांच्या हाताखालून गेलेल्यांत तोच सर्वांत हुशार. मुंबईत सात वर्षं शिकून, प्रत्येक परीक्षेत पहिला येऊन स्वारी परतली होती आणि जरा तोऱ्यातच होती.

त्यानं शर्टाच्या खिशातून एक कागद काढला. सणाच्या कार्यक्रमात तो बरोक आणि क्लासिकल काळांतल्या थोर संगीतकारांची तुलना करणार होता. वाजवून झाल्यावर सर्वश्रेष्ठ कोण, तेही जाहीर करणार होता. निकाल त्याचा ठरलेला होता, फक्त मास्तरांचा होकार हवा होता.

“रचना, भावना, नवेपणा, सगळ्याचे वेगळे गुण धरलेत. बाख अठ्ठ्याण्णव. मोझार्ट सत्त्याण्णव. हँडेल एक्क्याण्णव. हायडन अठ्ठ्याऐंशी.”

“हायडन पास झाला म्हणायचा,” मास्तर म्हणाले. “माझ्या जिवाला घोर लागला होता.”

ऑर्गनच्या मागून कोणीतरी खुदकन हसलं.

तो पावलू. ऑर्गनच्या पाठीशी लाकडी भाता होता आणि भात्याच्या दांड्यापाशी पावलूचं स्टूल. सूर काढणाऱ्या नळ्यांना लागणारा वारा तीस वर्षं त्यानंच ओढून दिला होता. मुंबईला रेमी शिकला त्या ऑर्गनला विजेची मोटर होती. तिथं बटण दाबलं की वारा हजर व्हायचा.

“चेष्टा नको, मास्तर. बाखच मोठा ना?”

“पावलूला विचार. त्याला नावं ठाऊक नाहीत, पण वजन ठाऊक आहे.”

रेमीला ते झोंबलं. मास्तरांनी ते पाहिलं असावं.

“पावलू, जा, चहा पिऊन ये. आज रेमी ओढील.”

“मी?”

मास्तर तोवर बाकावर बसले होते.

पावलूनं जाता जाता समजावलं. भिंतीवर दोरीला शिशाचा एक गोळा लोंबत होता. भाता भरला की शिसं खाली येतं, वारा संपत आला की वर चढतं. लाकडावर एक रेघ कोरलेली होती. शिसं त्या रेघेच्या वर जाता कामा नये.

“धसमुसळेपणा नको हां, बाबा. दांडा आपटलास तर सूर लटपटतो.”

रेमीनं दांडा आपटलाच. पहिलाच सूर असा हेलकावला की मास्तरांना हात उचलावे लागले. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. पुन्हा सुरुवात केली.

मग तो प्रवाह सुटला तो थांबेचना. एक ओळ पुढे गेली, तिच्या मागे दुसरी, मग तिसरी, आणि मग खालून पायांनी दाबायच्या पट्ट्यांचा घनगंभीर आवाज आला तशी माळ्याची फळी रेमीच्या तळव्यांखाली थरारली. शिसं सरसर वर चढलं. तो दांड्याला लोंबकळला. पाठ भिजली, हातांत गोळे आले. उसंत कुठेच नव्हती. आपण ओढलेला वारा त्या काळोख्या नळ्यांत शिरतो आणि पलीकडे असा होऊन बाहेर पडतो, या विचारानं त्याच्या अंगावर काटा आला. भीती म्हणावी इतकं ते मोठं होतं.

ते संपलं. लगेच दुसरं सुरू झालं.

हे हलकं होतं. एक ओळ म्हणायची आणि क्षणभर गप्प राहायचं. त्या गप्प राहण्यात एका ओढीतच शिसं खाली यायचं, आणि रेमीला श्वास घ्यायला मिळायचा. पुढची ओळ यायची ती जणू त्याचा श्वास घेऊन होईतो थांबून. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं, ते त्याला कळलं नाही.

...

“रेमी.” मास्तरांचा आवाज पुढून आला. “दुसरं कोणाचं होतं?”

रेमीनं तोंड उघडलं. त्या माणसाच्या रचनेवर त्यानं बारा पानं लिहिली होती.

“माझं लक्ष शिशाकडे होतं, मास्तर...”

“हायडन. पहिला तुझा बाख.”

...

“पहिल्यानं काय केलं?”

“श्वास घेऊ दिला नाही.”

“आणि दुसऱ्यानं?”

“दिला.”

“मग, मोठा कोण?”

रेमीचा कागद खिशात घामानं ओला होऊन छातीला चिकटला होता. त्यानं तो काढला नाही.

मास्तर उठून मागे आले. पावलू जिन्यातून वर येत होता, तो तिथंच थबकला. मास्तरांनी गळ्यातली किल्लीची दोरी काढली.

“ओढताना ही छातीवर आपटते. धर. आणि जा, बाकावर बैस.”

“मास्तर, नको. या वयात तुम्ही...”

मास्तर स्टुलावर बसलेही होते. दोन्ही हात दांड्यावर होते आणि नजर शिशावर.

रेमी बाकावर बसला. सणासाठी त्यानं दणदणीत वादन बसवलं होतं, सगळ्या नळ्या एकदम बोलतील असं. त्याचा हात नळ्या उघडणाऱ्या खुंट्यांकडे गेला. मागून दांड्याची कुरकुर ऐकू आली आणि हात थांबला. त्यानं एकच खुंटी ओढली, सर्वांत मऊ सुराची.

त्यानं हायडनच वाजवला, अठ्ठ्याऐंशी गुणांचा.

पहिली ओळ संपली. तिथली ती छोटी थांबण्याची जागा त्यानं आजवर नेहमी घाईनं ओलांडली होती. आज तो थांबला. मागे म्हाताऱ्यानं श्वास घेतला, तो त्याला स्पष्ट ऐकू आला. मग त्यानं पुढची ओळ उचलली.

प्रत्येक ओळीनंतर तो तसाच थांबत गेला. इतकं सुंदर आपण कधी वाजवलं नव्हतं, हे त्याला कळत होतं, आणि त्यातलं आपलं फार थोडं आहे, हेही.

चौथ्या ओळीनंतरचा श्वास अडखळत आला. रेमीनं घाबरून हात उचलले आणि तो धावत मागे गेला.

मास्तर दांडा धरून बसले होते. कपाळावर घाम होता. रेमीनं किल्ली पुढे केली.

“मास्तर, ही तुमची... मी अजून...”

मास्तरांनी किल्लीकडे पाहिलंच नाही.

“उठलास कशाला? शिसं अजून खाली आहे.”