मांडीवरचं बाळ

दगडांना बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. सह्याद्रीतल्या एका लेण्यात मांडीवर बाळ घेऊन एक दगडी आई बसली होती. कारागिराने तिची नजर सरळ दाराकडे ठेवली होती आणि दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यामुळे तिला बाळाला कधी बघता आलं नाही, की गोंजारता आलं नाही.

लेणं बघायला आलेल्या बाया बाळाच्या गालावरून हात फिरवायच्या आणि तोच हात आपल्या लेकराच्या गालाला लावायच्या. "बाई बाई, किती गोड हसतंय!" म्हणायच्या. तेवढ्यावरच आई सुखात होती.

शेजारचा दगडी हत्ती कुरकुरायचा, "अगं, आवर त्यांना. झिजेल ते."

"लाडानं कुणी झिजतं का रे, वेड्या?" आई म्हणायची.

शेकडो वर्षं गेली. एके दिवशी एक लहान मुलगी पुढे आली नि थबकली. "आई, हिच्या मांडीवर नुसता गोटाच आहे गं!"

दगडी आईने छताच्या कपारीतल्या पारवीला हाक मारली. "पोरी, जरा बघून सांग. बाळ हसतंय ना?"

पारवी मांडीवर उतरली, घसरली, पुन्हा उतरली. खोटं बोलायला तिचं मन धजेना.

"माय, ओठ नाहीत राहिले. डोळेही नाहीत. पण इतकं गुळगुळीत झालंय, की माझे पाय ठरत नाहीत."

आईची नजर दाराकडेच होती.

"म्हणजे सगळ्यांनी हात लावला गं त्याला," ती म्हणाली, "मी सोडून."