‘सा’ची चिठ्ठी

फार पूर्वी, पेटीच्या पट्ट्या आपसांत बोलत त्या काळातली गोष्ट. गुंडो मास्तरांनी शिकणाऱ्यांसाठी आपल्या पेटीच्या पट्ट्यांवर सुरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ‘सा’ एका पांढरीवर होता, म्हणून ती भारी तोऱ्यात असे. शेजारच्या काळीला म्हणे, “सरगम माझ्यापासून सुरू होते. तू आपली कोपऱ्यात बस.”

एकदा लिंबाजी सुतार गाणं शिकायला आले. पांढरीवर त्यांचा आवाज दबत होता. “तुमचा सा जरा वर आहे, लिंबाजी,” असं म्हणून मास्तरांनी ‘सा’ची चिठ्ठी काळीवर लावली आणि पांढरीवर ‘नी’ची.

पांढरी रडवेली झाली. “माझा सा गेला गं.”

“तो तुझा कधी होता? तो गाणाऱ्याचा असतो,” काळी म्हणाली.

लिंबाजी ‘सा’वरून खाली ‘नी’वर उतरले आणि तिथेच रेंगाळले. सगळी खोली पुढच्या सुरासाठी श्वास रोखून बसली. मग सा लागला, तशी मास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली.

“तू अडवून धरलंस, म्हणून मी एवढी गोड लागले,” काळी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जुने विद्यार्थी आले आणि ‘सा’ परत पांढरीवर आला. तिने चिठ्ठीकडे एकदा पाहिलं आणि काळीला हळूच विचारलं, “लिंबाजी पुन्हा कधी येणार गं?”