पाणकावळ्याचं खोड, बगळीची खोड

एका गावाबाहेर एक तळं होतं. काठच्या चिंचेवर एका बगळीचं घरटं होतं आणि घरट्यात तीन पिल्लं. दिवस उन्हाळ्याचे, तळं आटत चाललेलं आणि पिल्लांची भूक वाढत चाललेली.

बगळी सकाळपासून काठच्या उथळ पाण्यात एका पायावर उभी राही. बघणाऱ्याला वाटे, केवढं हे ध्यान! ध्यान कसलं, तिचं सगळं लक्ष शेजाऱ्याच्या चोचीकडे. शेजारी म्हणजे पाणकावळा. तो मधल्या खोल पाण्यात बुडी मारी, मासा धरी आणि पंख भिजले की पाण्यातून वर आलेल्या एका वाळक्या खोडावर पंख पसरून बसे.

"पुन्हा मासा!" बगळी जळफळे. "माझ्या लेकरांच्या तोंडचा घास पळवतो मेला. याची खोड मोडलीच पाहिजे."

त्याला पाण्यातून हाकलणं काही तिला जमणारं नव्हतं. म्हणून तिनं जावा-नणंदांना गोळा केलं आणि ते खोडच अडवलं. पाणकावळा भिजून आला, तर टेकायला जागा नाही.

"बगळीताई, जरा सरकता का? पंख वाळले नाहीत तर मला नीट उडता येत नाही."

"खोड काय तुझ्या बापाचं आहे?"

पाणकावळ्यानं कसेबसे काही दिवस काढले आणि तो टेकडीपलीकडच्या तळ्यावर निघून गेला.

"आता सगळं तळं आपलं!" बगळी हरखली. पण दुसऱ्या दिवशी पाय भरून येईपर्यंत उभी राहिली, तरी मासा काही दिसेना. मासे होते की! खोल पाण्यात निवांत पोहत होते. त्यांना काठाकडे पिटाळणारा कुणी उरला नव्हता आणि तिथवर बगळीचे पाय पुरत नव्हते.

असेच दिवस जात राहिले. एका संध्याकाळी थोरल्या दोघांनी भुकेनं गलका केला. धाकट्यानं चोचसुद्धा उघडली नाही. बगळीनं त्याला पंखाखाली घेतलं. पाणकावळ्यानं किती मासे खाल्ले, ते तिनं रोज पाहिलं होतं. त्याच्या भीतीनं आपल्या पायांशी किती आले, ते कधी पाहिलंच नव्हतं.

उजाडताच ती टेकडीपलीकडे गेली. पाणकावळा वाळून काटकी झाला होता.

"दादा, चुकलं माझं. लेकरू हातचं जातंय. परत चला, खोड तुमच्यासाठी मोकळं ठेवते."

"मी तरी इथं कुठं पोटभर खातोय?" पाणकावळा म्हणाला. "बुडी मारली की मासे पळतात उथळात. तिथं मला बुडता येत नाही आणि त्यांना परत खोलात हाकलायला इथं बगळे नाहीत. चला, ताई."

तळ्यावर येताच पाणकावळ्यानं बुडी मारली. मासे घाबरून काठाकडे धावले. बगळीनं पहिला मासा उचलला तो थेट धाकट्याकडे नेला. बराच वेळ काही झालं नाही. मग ती इवलीशी चोच हलली, उघडली आणि घास पोटात गेला. बगळीचे डोळे भरून आले.

खाली पाणकावळा एक भलामोठा मासा गिळत होता. बगळीनं तो पाहिला आणि फांदीवरूनच ओरडली, "दादा, अजून एक बुडी मारा की!"

तात्पर्य एवढंच: शेजाऱ्याचा घास डोळ्यांत खुपू लागला, तर तो उठून गेल्यावर आपल्या ताटात काय उरेल, ते आधी बघावं.