नवरदेवाचं पायतान

“मग पाचव्या नंबरला जाऊ का नको, एवढंच सांगा अण्णा.”

अण्णानं मान बी वर केली न्हाई. आरी चामड्यात खुपसली, वादी वढली.

मी पायरीवर बसलो हुतो. माझ्या पोराचं लगीन नऊ दिसांवर आलेलं. नवरदेवाचं पायतान म्हादू अण्णाकडं कराय टाकलेलं, ते झालं का बघाय गेलतो. आन् मधीच ही मोठी गाडी येऊन हुबी राह्यली.

गाडीतनं उतरला त्यो चौगुल्यांचा धैर्यशील. अकरा वर्सं भारताकडनं सलामीला जातोय. चौदा शतकं. टीव्हीवर बिस्किटाची जाहिरात बी करतोय. पर त्याच्या हातात पैल्यांदा बॅट दिली ती ह्या अण्णानं. गावाच्या टीमचे फाटलेले बॉल अण्णाच शिवायचा, आन् पैल्या नंबरला खेळाय बी अण्णाच जायचा. धैर्यशीलला शिकवताना शाळंच्या मैदानावर असा बोंबलायचा, “डावा पाय फुडं टाक! बॉल काय खातोय व्हय तुला?” सगळ्या गावाला ऐकू जायचं.

आता अण्णा ऐंशीचा. बोंबलत न्हाई.

“गेल्या वर्षी बोट मोडलं,” धैर्यशील म्हनला. “त्यानंतर नऊ डाव खेळलो. पन्नास एकदाही नाही. निवड समितीवाले म्हणतात, पाचव्या नंबरला ये. तिथं बॉल जुना झालेला असतो, मऊ पडलेला असतो. आणखी चार वर्षं आरामात निघतील. सलामीला नवा पोरगा घालतो म्हणतात, वीस वर्षांचा आहे. पाच वाजता फोन येणार आहे, हो का नाही ते सांगायचंय.”

“मग जा की.”

“म्हणजे जाऊ?”

अण्णानं फिरून वादी वढली.

“अण्णा, विमानानं आलोय, मग चार तास गाडी.”

“मी बोलावलं हुतं व्हय?”

मला ऱ्हाववंना. म्हनलो, “चौदा शतकं मारल्याला मानूस, आन् इचारतोय कुनाला…”

“बाळकू, तू गप बस,” अण्णा म्हनला.

गप बसलो. दुसरा कुनी असता तर सोडला नसता.

अण्णानं शेवटची गाठ मारली. दोन्ही पायतान फडक्यानं पुसली, तेलाचा हात फिरवला आन् धैर्यशीलच्या म्होरं ठेवली.

“माप किती तुझं?”

“नऊ.”

“घाल.”

मी उठलोच. “ओ अण्णा! माझ्या पोराचं हाय ते! नवरदेवाच्या आदी ह्यो घालनार?”

“तुझ्या पोराच्या आदी आठ दिस मीच घालनार हुतो की.”

ते खरं हाय. आमच्या गावची रीतच हाय ती. नवं पायतान चावतं. म्हनून नवरदेवाचं पायतान अण्णा रोज तेल लावून आठ दिस सोताच्या पायात घालून हिंडतो, मग देतो. आमच्या गावात लंगडनारा नवरदेव कुनी बघितल्याला न्हाई. तरी बी माझं डोस्कं फिरलंच.

“मग तुमीच घाला! ह्यो कशाला?”

“माझा गुडघा धरलाय.”

धैर्यशीलनं बूट काढलं, आन् मोज्यासकट पाय पायतानात कोंबाय लागला. अंगठा काय जाईना.

“मोजं काढ,” अण्णा म्हनला. “मारुतीच्या देवळापतुर जाऊन ये. दोनदा.”

“अण्णा, पाच वाजता फोन…”

“फोनला बी घिऊन जा.”

गेला करकर वाजवत. बायका दारात आल्या. टीव्हीतला मानूस भर उन्हात पायतान घालून देवळाला जातोय, परत येतोय, फिरून जातोय. एक म्हातारी म्हनली, नवस दिसतोय.

दुसऱ्यांदा आला तवा लंगडत हुता.

“चावतंय अण्णा.”

“कुनाला?”

“कुणाला म्हणजे? मला!”

“तुझ्या लग्नातलं चावलं हुतं का रं?”

“नाही.”

“का न्हाई?”

धैर्यशील खाली वाकला. अण्णाच्या पायाकडं बघाय लागला. अंगठ्याच्या बगलंला घट्टा, टाचंला घट्टा, दगडागत. अर्ध्या गावाची लग्नं त्या पायांत.

म्हनला, “तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“नवरदेवाला सांगायचं असतं व्हय?”

“मग कळणार कसं, कुणी केलं?”

“तू तुझ्या लग्नात कुठं बघत हुतास? पायाकडं?”

मला हसू आलं. धैर्यशीलला न्हाई आलं.

तेवढ्यात फोन वाजला.

तिथंच हुबा राहून बोलला. “नाही सर. पाचव्या नंबरला त्या पोराला पाठवा. नव्या बॉलला मीच जातो… हो, विचार करून सांगतोय… नको असेन तर काढून टाका.” मग तिकडनं कोनतरी लई वेळ बोलत हुतं. मग त्यानं फोन खिशात टाकला.

“काय म्हनलं?” मी इचारलं.

“एक सामना देतो म्हनलं. त्यात न्हाई जमलं तर घरी बसा म्हनलं.”

बोलता बोलता गावचा झाला की! मघापतुर पुस्तकातलं बोलत हुता.

मग छाती काढून अण्णाकडं वळला. “बरूबर केलं न्हवं अण्णा?”

अण्णानं त्याला खाली बसवलं. पायतान काढाय लावली. त्याचा एक एक पाय सोताच्या मांडीवर घेतला, माप घेताना घेतो तसा. चष्मा वर करून उजवा पाय बघितला. डावा बघितला. फिरून उजवा बघितला.

“उजव्यालाच फोड आलाय,” अण्णा म्हनला. “डावा पाय फुडं टाकायचा कवापासनं सोडलास रं?”