पल्याडची बाई

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नदीवर पूल नव्हता. दोन काठांवर दोन गावं होती. अल्याडच्या गावात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, की पल्याडची माणसं लबाड. "तुम्ही त्यांच्यातली किती पाहिलीत?" असं विचारलं, तर उत्तर यायचं, "पाहायची गरजच काय?" पोर खोटं बोललं की आई कान पिळायची, "पल्याडपणा करू नकोस!"

अल्याडच्या गावात सोनकी नावाची एक बाई टोपल्या विणून पोट भरायची. ती पल्याडची. तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे 'पल्याडीण' म्हणत.

एका श्रावणात पाटलाच्या नातवाचं बारसं होतं. बायकांनी रानातून पाट्या भरून पांढरी अळंबी आणली. ती पाहताच सोनकी धावत चुलीपाशी गेली.

"ही शिजवू नका! देठाच्या बुडाशी वाटी आहे बघा. विषारी आहे ही. आमच्याकडे लहान पोरंसुद्धा ओळखतात."

पाटील हसला. "आम्ही फेकायची आणि तू वेचून न्यायची, होय ना? पल्याडचा कावा आम्हाला नवा नाही."

सगळा मांडव हसला. मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका, त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. सोनकी हात जोडत राहिली. लोकांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

चौथ्या दिवशी गावात तीन चिता पेटल्या. त्यांतली एक पाटलाच्या बायकोची होती.

पाटील बोडक्या डोक्यानं सोनकीच्या दारात आला. "चुकलो, बाई. तू पल्याडची वाटतच नाहीस. त्यांच्यातली तू वेगळी."

सोनकी ताडकन उठली. हातातली अर्धी विणलेली टोपली तिनं भिंतीवर आपटली.

"मी वेगळी नाही, पाटील! माझ्या गावच्या कुणीही हेच सांगितलं असतं. तीन माणसं गेली, पण तुमची समजूत जागची हलली नाही. ती टिकावी म्हणून मला एकटीला चांगली ठरवताय!"

 सोनकीनं कोयता आणि घोंगडी उचलली आणि नदी ओलांडली. पाटलानं तीनदा माणसं पाठवली. सोनकी परतली नाही.

माणूस न पाहताच जो त्याच्यावर शिक्का मारतो, त्याला सत्य दारात येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही.